चेहऱ्यावर लेझर: आधीची तयारी आणि नंतरची निगा

चेहऱ्यावरचे नकोसे केस काढायला लेझर करायचं ठरलं की पहिलं काम पार्लरमध्ये सांगून टाकायचं: हनुवटीला आणि अपरलिपला आता दोरा लावायचा नाही. दोरा, वॅक्स, चिमटा, कशानेही काढा, केस मुळासकट निघतो, आणि लेझरला नेमकं ते मूळच हवं असतं. लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग शोषून घेतो, केस तापतो आणि ती उष्णता खाली उतरून मुळाला भाजते. मूळच उपटलेलं असेल तर प्रकाश वाया. म्हणून आधीचे निदान चार आठवडे उपटणं बंद. ब्लीचही बंद, कारण ब्लीच केसाचा रंग घालवतं आणि कातडी हुळहुळी करून ठेवतं.

मग महिनाभर त्या केसांचं काय करायचं? रेझर वापरायचा. बऱ्याच जणी इथेच थबकतात. ‘ब्लेड लावलंस की दाढी येईल’ हे आपल्याकडे आजीपासून ऐकत आलेलो असतो. पण ब्लेड केस कातडीच्या वर कापतं, खालच्या मुळाशी त्याचा संबंधच येत नाही. न कापलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलेल्याचं बोथट, त्यामुळे बोट फिरवलं की खुंट टोचतात आणि केस राठ झाल्यासारखे वाटतात. केसांची संख्या तेवढीच राहते आणि जाडीही तेवढीच. चेहऱ्यासाठी मिळणारा लहान, सरळ पात्याचा रेझर आणा, चेहरा धुऊन जरा कोरफडीचं जेल लावा आणि केस ज्या दिशेने वाढतात त्याच दिशेने हलक्या हाताने फिरवा. पातं बहिणीबहिणींत वाटून घेऊ नका. लेझरला जातानाही आदल्या दिवशी अशीच दाढी करून जायचं असतं: मूळ आत हवं, वरचा केस नको. वर केस राहिला तर तो कातडीवरच जळतो आणि चटका बसतो.

मी वडोदऱ्याची. दांडिया बाजारातल्या घरातून रावपुऱ्यातल्या बँकेत जाते आणि दिवसभर काउंटरवर लोकांसमोर बसते. समोरच्याची नजर डोळ्यांवरून हनुवटीवर घसरली की बोलता बोलता आपला हात आपोआप तिथे जातो, हे ज्या बायकांना माहीत आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. लग्न ठरलेल्या मुली विचारतात, चाळिशीतल्या मैत्रिणी विचारतात, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: कुठलं क्लिनिक चांगलं? माझ्या मते त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. हे केस मुळात येतात कशामुळे?

मी ज्यांच्याकडे जाते त्या अलकापुरीतल्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी पहिल्या भेटीत मशीन दाखवलंसुद्धा नाही. पाळी वेळेवर येते का, वजन वाढलंय का, डोक्यावरचे केस विरळ होतायत का, घरात आई-मावशीला असे केस आहेत का, हे सगळं विचारलं. मग ओठ, हनुवटी, छाती, पोट, पाठ अशा नऊ ठिकाणचे केस पाहून प्रत्येक जागेला शून्य ते चार गुण दिले. केसांचं मोजमाप करायची ती डॉक्टरांची ठरलेली पद्धत आहे. त्यानंतर रक्तातल्या हॉर्मोनच्या तपासण्या झाल्या: टेस्टोस्टेरॉन, डीएचईए-एस, थायरॉइड, प्रोलॅक्टिन. शिवाय सोनोग्राफी. माझं उत्तर पीसीओडी, म्हणजे अंडाशयाशी निगडित हॉर्मोनचा बिघाड, निघालं, जसं आपल्यातल्या कितीतरी जणींचं निघतं. हॉर्मोनचं गणित बिघडलेलं असेल तर लेझर आजचे केस कमी करतं, पण आतून नवे केस उगवायचा हुकूम चालूच राहतो. गोळ्या आणि लेझर जोडीने चालले तरच त्याचा फायदा टिकतो. गोळ्यांचा परिणाम केसांवर दिसायला साधारण सहा महिने लागतात, त्यामुळे त्या जितक्या लवकर सुरू होतील तितकं बरं. खासगी तपासणी परवडत नसेल तर सयाजी हॉस्पिटलच्या त्वचा विभागात दाखवा. लाइनीत सकाळ जाते, पण निदान नीट होतं.

दोन गोष्टींत मात्र उशीर करायचा नाही. केस काही महिन्यांतच झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, पाळी एकदम बंद पडली, तर लेझरचा विचार बाजूला ठेवून आधी एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हॉर्मोनच्या डॉक्टरकडे जा. दुसरी गोष्ट गोरं करणाऱ्या क्रीमची. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या अनेक क्रीममध्ये मोमेटासोन किंवा बीटामेथासोन, म्हणजे स्टेरॉइड असतं. ते महिनोन्‌महिने चेहऱ्याला लावलं की कातडी पातळ होते, लाल पडते आणि तोंडावर केस वाढतात. अशा चेहऱ्यावर लेझर मारणं म्हणजे भाजल्यावर पुन्हा भाजणं. क्रीम लावत असाल तर ट्यूब पर्समध्ये घालून डॉक्टरांकडे घेऊन जा आणि दाखवा. लाजू नका, त्यांनी अशा खूप पाहिलेल्या असतात.

आता मशीन. इथे आपला रंग महत्त्वाचा. लेझर काळ्या रंगाच्या मागे धावतं, आणि आपल्या कातडीतही तोच रंग, म्हणजे मेलॅनिन, असतो. कातडी वरच्यावर जितका प्रकाश शोषून घेईल तेवढी भाजण्याची भीती जास्त. प्रकाशाची तरंगलांबी जितकी मोठी, तितका तो कातडीच्या रंगाकडे दुर्लक्ष करून खोल जातो. गव्हाळ ते सावळ्या रंगासाठी 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग सगळ्यात सुरक्षित मानलं जातं. 800 ते 810 नॅनोमीटरचं डायोडही चालतं, पण हात जाणता हवा आणि मशीनची थंड करायची सोय चांगली हवी. 755 चं अलेक्झांड्राइट मुख्यतः गोऱ्या कातडीसाठी. आणि आयपीएल हे लेझर नव्हेच; तो गाळण्या लावलेला, अनेक तरंगलांब्यांचा झगझगीत प्रकाश असतो. शहरातल्या एका पार्लरमध्ये मला आयपीएल हे ‘लेझर’ म्हणून सांगितलं होतं, वर शंभर टक्के कायमचं म्हणून हमीही. म्हणून फोनवरच विचारा: मशीन कुठलं, तरंगलांबी किती, आणि शॉट कोण देणार? उत्तर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथे जायचं नाही. सगळ्या सिटिंगचे पैसे आगाऊ भरून घेणारं पॅकेजही मला पसंत नाही. दोन सिटिंग करून कातडी कशी वागते ते बघायची मोकळीक आपल्याला हवी.

‘कायमचं’ या शब्दाचंही बघून घेऊ. अमेरिकेत औषधांना आणि वैद्यकीय उपकरणांना मंजुरी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने 1998 साली काही लेझरना दावा करायला परवानगी दिली ती केस कायमचे कमी होण्याची. सगळे केस कायमचे नाहीसे होतात, असा दावा तिने मान्य केला नाही. राठ केस कमी होतात, उरलेले बारीक होतात, उगवायला वेळ लावतात. माझ्या हनुवटीवर हेच झालं आणि मी त्यावर समाधानी आहे.

पण हे राठ, काळ्या केसांबद्दल झालं. गालावरची लव ही वेगळी गोष्ट आहे, आणि पूर्ण लेखातली हीच सूचना मला सगळ्यात कळकळीने द्यायची आहे. क्लिनिकमध्ये ‘फुल फेस’ करून घ्या म्हणतात, हनुवटीपेक्षा थोडेच पैसे जास्त लागतात, आपल्यालाही वाटतं की एकदाच होऊन जाऊ दे. नका करू. लव इतकी बारीक आणि फिकी असते की तिच्यात उष्णता धरायला पुरेसा रंगच नसतो. मुळाला मारायला कमी पडणारी ऊब मिळून उलट ते मूळ जागं होऊ शकतं आणि लवेच्या जागी काळे, जाड केस यायला लागू शकतात. हा धोका चेहरा आणि मानेवर, सावळ्या रंगाच्या आणि हॉर्मोनचा त्रास असलेल्या बायकांत जास्त दिसतो, म्हणजे थेट आपल्यातच. माझ्या डॉक्टरांनी पांढऱ्या पेन्सिलीने माझ्या जबड्याखाली रेघ आखली आणि सांगितलं, ह्याच्यावर गालाकडे जायचं नाही. गालांना आजतागायत लेझर लागलेलं नाही. लव सलतच असेल तर रेझर आहेच.

सिटिंगच्या आधी डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी: मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन किंवा डॉक्सीसायक्लिन चालू आहे का, ओठाला तापाचे फोड येतात का (येत असतील तर आधीच गोळी देतात, नाहीतर लेझरच्या उष्णतेने ते उठतात), जखम भरताना गाठी धरतात का, आणि दिवस गेले आहेत का. गरोदरपणात ही घाई करायचं काही कारण नाही. रेटिनॉल आणि ग्लायकोलिक ॲसिडची क्रीम आठवडाभर आधी थांबवायची. पहिल्यांदा एका लहानशा जागेवर टेस्ट पॅच मागा, शक्यतो हनुवटीच्या खाली. सावळ्या कातडीवर डाग दिसायला आठवडा-दोन आठवडेही लागतात, तेवढं थांबायचं.

प्रत्यक्ष दिवशी चेहरा कोरा. मेकअप नाही, सनस्क्रीन नाही, टिकली काढलेली, नाकातली चमकी काढलेली, कारण चकचकीत धातूवरून प्रकाश परततो. डोळ्यांवर जाड गॉगल चढवतात. तो चढवल्याशिवाय मशीन सुरू होऊ देऊ नका. भुवयांच्या खालच्या बाजूला, डोळ्याच्या खोबणीत लेझर कधीच घ्यायचं नाही, तिथे डोळ्याला इजा होऊ शकते.

गार जेल लावतात. मग बाई म्हणतात, "बेन, जरा चटको लागशे," आणि पहिला शॉट बसतो. रबर बँड ताणून सोडावा तशी चमक, तिच्या मागोमाग ऊब, आणि जळक्या केसांचा वास. हनुवटीवर सोसवतं. वरचा ओठ मात्र खरंच दुखतो, नाकाखाली तर डोळ्यांतून पाणी येतं. तिथे डॉक्टर ओला गॉज ओठ आणि दातांच्या मध्ये सरकवतात. त्याने ओठ जरा ताणला जातो आणि हिरडी-दातांत झिणझिण्या येत नाहीत. तुमच्याकडे नसतील ठेवत, तर मागून घ्या. बधिर करणारं क्रीम लावायचं असेल तर तेवढ्याच जागेला आणि डॉक्टर सांगतील तेवढंच. मी लावत नाही, कारण चटका नेहमीपेक्षा जास्त बसतोय हे मला कळायला हवं असतं. तसं वाटलं की हात वर करायचा आणि थांबवायचं. पूर्ण हनुवटी आणि ओठ मिळून काही मिनिटांचंच काम असतं. झाल्यावर मशीनचे आकडे, किती जूल, किती मिलिसेकंद, हे कार्डावर लिहून मागा. पुढच्या वेळी ऑपरेटर बदलली किंवा तुम्हीच क्लिनिक बदललं तर तो कागद उपयोगी पडतो.

आरशात पाहिलं की प्रत्येक केसाभोवती बारीक गांध उठावी तशी सूज आणि लाली दिसते. घाबरू नका, शॉट मुळाला लागल्याची ती खूण आहे. काही तासांत उतरते, हनुवटीवर कधी दुसऱ्या दिवसापर्यंत राहते. घरी आल्यावर स्वच्छ मलमलीचा रुमाल गार पाण्यात भिजवून, पिळून ठेवायचा, गरम झाला की पुन्हा भिजवायचा. बर्फ थेट कातडीवर लावायचा नाही. भाजलेल्या कातडीला गोठवूनही इजा होते. मग साधं, सुगंध नसलेलं मॉइश्चरायझर. दारातल्या कुंडीतली कोरफड कापून तिचा चीक लावू नका. पिवळा चीक अनेकींना खाजतो. विकतचं साधं जेल बरं.

पहिले दोन दिवस गार किंवा कोमट पाणी. वाफ नाही, जिम नाही, फोडणीच्या कढईवर तोंड नेऊन उभं राहणं नाही. माझ्याकडे त्या दोन दिवसांची भाजी सासूबाई परततात. आठवडाभर स्क्रब, बेसन-हळद, उटणं, लिंबू, ब्लीच, रेटिनॉल सगळं कपाटात. लग्नाच्या मुलींनी हे खास लक्षात ठेवावं: शेवटची सिटिंग आणि हळदीचा दिवस यांत किमान एक महिना हवा.

मग येतो तो काळ, ज्यात निम्म्या जणी निराश होऊन डॉक्टरांना फोन करतात. आठवडाभरात मिरीची पूड सांडावी तसे काळे ठिपके हनुवटीवर वर येतात. वाटतं, केस पुन्हा उगवले, पैसे बुडाले. ते उगवलेले केस नसतात. आत जळलेला केस कातडी हळूहळू बाहेर ढकलत असते. एक ते तीन आठवड्यांत तोंड धुताना, टॉवेलने टिपताना ते आपसूक गळतात. चिमट्याने ओढायचे नाहीत, नखाने खरवडायचे तर मुळीच नाहीत; आपल्या कातडीला खरवडल्या जागी काळा डाग धरायला वेळ लागत नाही. अगदीच राहवलं नाही तर सूज उतरल्यावर रेझर फिरवा.

पुढची सिटिंग चेहऱ्यासाठी चार ते सहा आठवड्यांनी. प्रत्येक केस काही काळ वाढतो, मग विसावतो, मग गळतो, आणि लेझर फक्त वाढत्या केसालाच नीट लागतं. एका दिवशी सगळे केस वाढत्या अवस्थेत नसतात, म्हणून सहा-आठ सिटिंग तरी लागतातच, पीसीओडीत जास्त.

आता ऊन. डाग पडतात ते बहुतेक नंतरच्या उन्हाने, आणि आपलं गाव उन्हाचं. स्कूटीवर निघताना ओढणी तोंडाला गुंडाळायची सवय आपल्याकडे सगळ्यांनाच आहे. ती ठेवा, पण सुती आणि रोज धुतलेली, आणि लाली असेपर्यंत सैल. ओढणीच्या आत सनस्क्रीन हवंच. एसपीएफ 30 किंवा वर, ‘ब्रॉड स्पेक्ट्रम’ लिहिलेलं. तर्जनी आणि मधल्या बोटावर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा ओढाल तेवढं चेहरा आणि मानेला लागतं. करंगळीच्या पेराएवढ्याने काही होत नाही. दर दोन-तीन तासांनी पुन्हा. बँकेत काचेच्या दाराशी माझी खुर्ची आहे, आणि काचेतून उन्हातले यूव्हीए किरण आत येतात, म्हणून मी जेवणाच्या सुट्टीत तोंड धुऊन परत लावते. रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडवालं सनस्क्रीन मिळालं तर ते घ्या. आपल्या रंगावर डाग धरण्यात साध्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाचाही हात असतो, आणि तो हे अडवतं.

तारखा ठरवताना पंचांग समोर ठेवा. 14 जानेवारीचं उत्तरायण आणि 15 चं वासी उत्तरायण, दोन्ही दिवस अख्खं वडोदरा सकाळपासून गच्चीवर पतंग उडवत असतं. मान वर, चेहरा उन्हात. उंधियू आणि जिलबी मी कधीच सोडणार नाही, त्यामुळे डिसेंबरच्या शेवटापासून सिटिंग ठेवत नाही, आणि पतंग झाल्यावर रापलेला रंग पूर्ण उतरेपर्यंत पुन्हा जात नाही. रापलेल्या कातडीवर शॉट घेणं हा भाजून घ्यायचा सरळ रस्ता आहे. नवरात्रीत ऊन नसतं, पण रोज रात्री गरब्याचा घाम, मेकअप, पुसापुसी. निदान आठवडाभर आधी सिटिंग आटपलेली असावी. मला सुरुवात करायला पावसाळा सगळ्यात सोयीचा वाटतो. ढगांतून किरण येतातच, सनस्क्रीन सुटत नाही, पण एप्रिल-मेच्या चाळीस-बेचाळीस डिग्रीच्या दुपारी तरी मधे येत नाहीत.

काही बिघडलं तर कसं ओळखायचं? लाली तीन दिवसांनीही उतरत नाही, पाण्याचे फोड येतात, मशीनच्या टोकाच्या आकाराचा चौकोनी डाग उठतो, खपली धरते किंवा पू होतो: त्याच दिवशी डॉक्टर. तोवर साधं गार पाणी आणि वर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर. फोड फोडायचा नाही, टूथपेस्ट किंवा हळद चोपडायची नाही. काळसर डाग राहिला तर तो बहुधा काही महिन्यांत फिका पडतो, ऊन चुकवलं तर. तो घालवायला मेडिकलमधून स्वतःच्या मनाने क्रीम आणू नका. त्या क्रीममधल्या स्टेरॉइडची गोष्ट वर सांगितलीच आहे.

सिटिंग संपल्यावरही हनुवटीच्या खाली एखाद-दोन चिवट केस डोकं काढतात. त्यांच्यासाठी वर्षातून कधीतरी एखादं टचअप घ्यावं लागतं, आणि पीसीओडी असेल तर ते गृहीतच धरून चालावं.

पांढऱ्या केसांना लेझर चालत नाही. माझ्या आत्यांनी माझी हनुवटी पाहून हौसेने विचारलं होतं, पण साठीनंतर त्यांच्या हनुवटीवर आलेले केस चांदीसारखे आहेत, त्यांच्यात रंगच नाही. कुणी त्यांच्यावर लेझर करून देतो म्हणाला तरी पैसे देऊ नका. त्यासाठी इलेक्ट्रोलिसिस आहे: बारीक सुई एकेका केसाच्या मुळाशी घालून वीज सोडतात आणि तेवढंच मूळ मारतात. 1875 साली अमेरिकेत चार्ल्स मिशेल नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने आत वळून डोळ्याला टोचणाऱ्या पापणीच्या केसांवर ती वापरली होती. एकेक केस करायचा म्हणजे वेळ लागतो, पण आत्यांचे केस मोजकेच आहेत. सुई दर वेळी नवी, पाकिटातून आपल्या समोर उघडलेली हवी, आणि नंतरची निगा जवळपास तीच: गार रुमाल, साधं मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, आणि खपली आली तर ती आपली आपण पडू द्यायची.